पेनिसिलीनची ॲलर्जी: शेरा आणि पडताळा

केसपेपरवर लाल शाईने ‘पेनिसिलीनची ॲलर्जी’ असे एकदा लिहिले गेले की तो शेरा सहसा कोणी खोडत नाही. अमेरिकेत दहांपैकी साधारण एकाच्या नावापुढे तो आहे. रीतसर तपासले तर त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना पेनिसिलीन बिनधोक चालते. माझ्या मते हा घोळ निव्वळ अज्ञानाचा नाही. रास्त भीतीतून लागलेली सवय, भीतीचे कारण तपासता येऊ लागल्यावरही, तशीच चालू राहिली. १९४९ साली पेनिसिलीनच्या तीव्र प्रतिक्रियेने झालेल्या मृत्यूची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली आणि डॉक्टर सावध झाले, ते योग्यच होते. पण मग अंगावर उठलेला प्रत्येक पुरळ औषधाच्या माथी मारला जाऊ लागला. विषाणूजन्य तापात मुलांच्या अंगावर बऱ्याचदा पुरळ येतो; त्याच वेळी पेनिसिलीनच्याच कुळातले अँपिसिलीन चालू असेल तर दोष औषधाला. ग्रंथीज्वर या विषाणूजन्य आजारात हे औषध घेतलेल्या अनेकांना पुरळ येतो, हे १९६७ सालीच दिसून आले होते; ती सहसा कायमची ॲलर्जी नसते.

पडताळ्याचे साधनही तेव्हा हाताशी येत होते. पेनिसिलीनचा रेणू फुटून शरीरातल्या प्रथिनांना चिकटतो आणि त्या जोडीविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, हे बर्नार्ड लेव्हिन यांच्यासारख्या संशोधकांनी १९६०च्या दशकात दाखवले. त्यावर बेतलेले त्वचाचाचणीचे द्रव्य १९७४ साली अमेरिकेत मान्य झाले; मात्र २००४ ते २००९ या काळात तिथल्या बाजारात ते मिळतच नव्हते. शिवाय खरी ॲलर्जीही ओसरते: दहा वर्षांत सुमारे ऐंशी टक्के लोकांची संवेदनशीलता जाते.

तपासताना कोणी दगावला तर, हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. म्हणूनच ज्यांना श्वास कोंडण्याचा किंवा कातडी सोलवटण्याचा त्रास झाला होता, त्यांना सरसकट गोळी द्यायची नसते. पण कमी जोखमीच्या रुग्णांना थेट तोंडावाटे डोस देऊन देखरेखीत ठेवल्यास, आधी त्वचाचाचणी करण्याइतकेच ते सुरक्षित ठरते, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय चाचणीत दिसले. दोन्ही गटांत तोंडावाटे दिलेल्या डोसने ॲलर्जी सिद्ध झाली ती एकेकाचीच.

आपल्याकडे इंजेक्शनाआधी त्वचेत टेस्ट डोस देतातच की, असे कोणी म्हणेल. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलीन बनू लागले, त्या देशात हा प्रश्न परका नाही. पण मूळ औषधच त्वचेत टोचले की त्याच्या दाहानेही गांधी उठते आणि जिला कधी त्रासच झाला नव्हता अशा मुलीच्या कागदावरही शेरा चढतो. तिला संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडण्याचा धोका असेल, तर दर तीन-चार आठवड्यांनी लागणारे इंजेक्शन त्यापायी बंद होते आणि दुय्यम औषधावर भागवावे लागते.