चौदा स्वप्नं आणि बाकीची

आमच्या सीमाभागातल्या दिगंबर घरांत तीर्थंकरांच्या मातेची सोळा स्वप्नं सांगतात. आमच्या गुजराती-मारवाडी श्वेतांबर मैत्रिणी चौदा मोजतात. त्यांच्यातला ध्वज आपल्याकडे नाही; आपल्याकडे माशांची जोडी, सिंहासन आणि नागभवन जास्तीचं. बाकी हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, फुलांच्या माळा, चंद्र, सूर्य हे सगळं सामाईकच. पर्युषणात महावीरांच्या जन्मवाचनाच्या दिवशी त्यांच्याकडे चांदीची स्वप्नं वरून खाली उतरवतात, त्यासाठी बोल्या लागतात. खजुराहोच्या घंटाई मंदिराच्या दारावरच्या पट्टीत सोळा स्वप्नं कोरली आहेत, त्याला हजारेक वर्षं झाली. एका गरोदर बाईची स्वप्नं इतकी जपून ठेवलेला समाज मला तरी दुसरा माहीत नाही.

पण याचा एक उलटा परिणामही झालाय. गरोदर बाईचं स्वप्न म्हणजे ते शुभच असायला हवं, असं आपण धरून चाललो. मग आठव्या-नवव्या महिन्यातली एखादी पोर रात्री दचकून उठते. बाजारात बाळ हरवलं, विहिरीत पाणी चढत आलं, नवरा सोडून गेला, असं काहीबाही तिने पाहिलेलं असतं. सांगायला गेली की घरातलं कुणीतरी म्हणतं, "असलं तोंडातून काढू नये गं, णमोकार म्हण आणि झोप." म्हणणारीचं मन वाईट नसतं. पण पोर गप्प होते, आणि भीती आतच राहते.

मला कुतूहल वाटलं ते याचं, की आपल्या जुन्या ग्रंथांनी खरंच फक्त चांगली स्वप्नं लिहून ठेवली का? कल्पसूत्र हा श्वेतांबरांचा ग्रंथ. तो भद्रबाहूंच्या नावावर आहे. त्यातच वीरनिर्वाणानंतरच्या ९८० आणि ९९३ या वर्षांचा उल्लेख येतो, म्हणजे आजचं रूप इसवी सनाच्या पाचव्या शतकातलं धरायला हरकत नाही. चौदा स्वप्नं त्यात आहेत, पण त्यांच्या आजूबाजूला आणखीही बरंच आहे.

पहिलं असं, की ती स्वप्नं पाहून झाल्यावर त्रिशला पुन्हा झोपत नाही. आता वाईट स्वप्न पडलं तर या चांगल्यांचं फळ जाईल, म्हणून ती देव-गुरूंच्या कथा करत उरलेली रात्र जागून काढते. म्हणजे धास्ती तिलाही होतीच.

दुसरी देवानंदा. श्वेतांबर कथेप्रमाणे महावीरांचा गर्भ आधी या ब्राह्मणीच्या उदरात होता आणि ८२ दिवसांनंतर तो त्रिशलेकडे नेला गेला. दिगंबर परंपरा हे मानत नाही. पण त्या रात्रीचं देवानंदेचं स्वप्न वाचण्यासारखं आहे. अर्धवट झोपेत तिला दिसतं, की आपली चौदाही स्वप्नं त्रिशलेने नेली. हातचं निसटून गेल्याचं हे स्वप्न ग्रंथात जसंच्या तसं आहे. त्याची चांदीची मूर्ती मात्र कुणी घडवली नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पोटातलं बाळ आईला त्रास नको म्हणून हलायचं थांबतं. त्रिशलेला वाटतं, गर्भ गेला. हातावर डोकं टेकून, जमिनीकडे बघत ती बसून राहते. तिच्या दुःखाने राजवाड्यातलं गाणं-बजावणं बंद पडतं, सगळं घर उदास होतं. "उगाच काहीतरी मनात आणू नकोस" असं कुणी तिला म्हणत नाही. मग बाळ हलतं आणि तिचा जीव भांड्यात पडतो. एवढा जीव लावणाऱ्या आईबापांच्या हयातीत दीक्षा घ्यायची नाही, हा महावीरांचा निश्चय त्याच प्रसंगातला.

डोहाळ्यांचंही तसंच. हा शब्द संस्कृत 'दोहद'वरून आला. आमच्या कानडी शेजारणी 'बयके' म्हणतात. सुश्रुतसंहिता चौथ्या महिन्यातल्या बाईला दोन हृदयांची म्हणते आणि तिची इच्छा मोडू नका, मूल व्यंग घेऊन येईल, असं बजावते. त्यातली भीती आज सोडून द्यावी, बाईचं मन विचारायची सवय तेवढी ठेवावी. मगधाच्या श्रेणिक राजाच्या दोन राण्यांचे डोहाळे आगमांत आहेत. धारिणीला अवेळी पाऊस हवासा वाटला. चेलनेला तर नवऱ्याच्या काळजाचं मांस खावंसं वाटलं! लाजेने ती बोलेना, वाळत चालली. शेवटी राजाने खोदून विचारलं, आणि अभयकुमाराने युक्तीने वेळ निभावली. पुढे तिच्या मुलाने, कूणिकाने, बापाला कैदेत टाकलं, म्हणून ही गोष्ट अपशकुनाची म्हणून सांगतात. कथाकाराला कर्माचा धागा दाखवायचा होता, तो त्याने दाखवला. मला त्यात ती वाळत चाललेली बाई आधी दिसते. बोलल्यावर तिला कुणी हाकलून दिलं नाही, हेही दिसतं.

आता स्वप्नांमागचं कारण. १९५३ मध्ये शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवलं, की झोपेत ठरावीक टप्प्यांना मिटलेले डोळे भराभर हलतात आणि तेव्हा उठवलं तर माणूस स्वप्न सांगतो. हा टप्पा साधारण दीड तासाने येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. शेवटच्या महिन्यांत लघवीला, पाठदुखीने, बाळाच्या लाथांनी झोप सारखी मोडते. नेमकं स्वप्नातच जाग आली की ते ठळक आठवतं. त्यात दिवसभराची काळजी मिसळलेली असते. बाळाला सांभाळता येईल ना, ही चिंता मग हरवलेल्या बाळाचं रूप घेते. तो पुढच्या घटनेचा निरोप नसतो.

म्हणून डोहाळजेवणाला ओटी भरताना पोरीला एवढंही विचारावं, "झोप लागते का गं? काय काय दिसतं?" आणि ती सांगेल ते न दचकता ऐकावं. रडू, धास्ती दोन-दोन आठवडे हटतच नसेल तर डॉक्टरांना सांगावं, त्यात कमीपणा नाही. आणि जागेपणी बाळ नेहमीपेक्षा कमी हलतंय असं वाटलं, तर मात्र त्याला मनाचे खेळ म्हणू नये. सकाळची वाट न बघता तिला दवाखान्यात न्यावं. त्रिशलेच्या शब्दावर अख्ख्या राजवाड्याने विश्वास ठेवला होता. आपल्या दोन खोल्यांच्या घरात तेवढं जमायला हरकत नाही.