रेषीय चित्रमालिका : अतिवेगवान चित्रणाचे मोजण्याजोगे रूप

अतिवेगवान कॅमेऱ्याच्या कच्च्या चित्रणातून प्रत्येक क्षणाचे स्वतंत्र, क्रमांकित चित्र वेगळे काढणे आणि त्यातील आकडे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात ठेवणे, या प्रक्रियेला रेषीय चित्रमालिकेत रूपांतर म्हणतात. वाहनांच्या धडक-चाचण्या, स्फोटांचा अभ्यास आणि चित्रपटांतील दृश्यपरिणाम यांत ती वापरली जाते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ मूल्यांकनात मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवली जाते. पुण्यातील एआरएआय (स्थापना १९६६) ही अशा चाचण्या घेणाऱ्या संस्थांपैकी एक. सेकंदाला १,००० चित्रे टिपली, तर या वेगाने मोटार दोन चित्रांमध्ये सुमारे १८ मिलिमीटर सरकते. एक चित्र गहाळ झाले, तरी एअरबॅग केव्हा फुगली याचे उत्तर चुकते.

कच्च्या चित्रणात प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा वा निळा असा एकच रंग नोंदलेला असतो. जागा वाचवण्यासाठी काही कॅमेरे मूल्ये वक्राकार प्रमाणात आवळून साठवतात. म्हणून रूपांतराचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम मूळ फाइलची प्रत सुरक्षित ठेवली जाते. नंतर वक्र उलटवून मूल्ये रेषीय केली जातात. झाकण लावून घेतलेल्या काळ्या चित्राची पातळी वजा केली जाते. त्यानंतर शेजारच्या बिंदूंवरून उरलेले दोन रंग काढले जातात व श्वेत-संतुलन साधले जाते. शेवटी चित्रे १६ बिटांच्या टिफ किंवा ओपन-ईएक्सआर स्वरूपात लिहिली जातात.

पडद्यासाठीचा गॅमा येथे लावला जात नाही. १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारी करडी पट्टी रेषीय चित्रात ०.१८ असते, नेहमीच्या पडद्यासाठीच्या चित्रात तीच सुमारे ०.४६ होते. त्यामुळे रेषीय चित्र पडद्यावर काळपट दिसते. हा दोष नव्हे. ते उजळ करून जतन केल्यास मात्र मोजमाप बिघडते.

१२८० गुणिले ८०० बिंदूंचे १२ बिटांचे कच्चे चित्र सुमारे दीड मेगाबाइट, तर रंगीत १६ बिटांचे चित्र सहा मेगाबाइट भरते. म्हणजे सेकंदाच्या नोंदीस सहा गिगाबाइट जागा लागते. फाइलनावांत ०००००१ अशी शून्ये जोडल्याने क्रम टिकतो. चित्रणाचा वेग मात्र वेगळा नोंदवावा लागतो. त्याविना क्रमांकावरून वेळ काढता येत नाही.

अतिप्रकाशाने पूर्ण पांढरा झालेला भाग कोणत्याही रूपांतराने परत मिळत नाही. धडक पुन्हा घडवायची, तर नवी मोटार लागते. म्हणूनच मूळ कच्ची फाइल हाच अंतिम पुरावा मानला जातो.