विंचूदंश : दुखणं थांबलं म्हणजे विष उतरलं असं नाही, महाडच्या डॉक्टरांनी शोधलेला उपचार समजून घ्या

कडोदरा (सुरत) : कडोदरा चार रस्त्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि धुळ्याकडे जाणारा रस्ता एकमेकांना मिळतात. इथल्या डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये आणि लूमवर काम करणारी खानदेशातली अनेक कुटुंबं सणासुदीला, लग्नसराईला आणि शेतीच्या हंगामात याच रस्त्याने गावी जातात. गावी गेल्यावर जमिनीवर झोपणं, सरपण उचलणं, अंधारात अनवाणी फिरणं आलंच. विंचू चावतो तो बहुतेक अशा वेळी. त्यावरचा आज रूढ असलेला उपचार आपल्याच महाडमध्ये (जि. रायगड) सिद्ध झाला, हे अनेकांना माहीत नसतं.

कोणता विंचू घातक?

मोठा काळा विंचू दिसायला भीतीदायक असला तरी माणसाच्या जीवावर उठतो तो लहानखुरा लाल विंचू. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्र, तामिळनाडू या राज्यांत तो आढळतो. त्यामुळे विंचवाच्या आकारावरून धोका ठरवू नये. लहान मुलांना धोका सर्वाधिक, कारण विष तेवढंच पण अंग लहान.

शरीरात काय घडतं?

आपल्या नसांमधून संदेश जातात ते सोडियमच्या सूक्ष्म दारांची उघडझाप होऊन. लाल विंचवाचं विष ही दारं वेळेवर बंद होऊ देत नाही. नसा सतत पेटलेल्या राहतात. सुरुवातीला उलट्या, भरपूर घाम, तोंडाला लाळ, आणि पुरुषांत व मुलग्यांत लिंगाला ताठरता अशी लक्षणं दिसतात. पाठोपाठ अॅड्रेनॅलिनसारखी रसायनं रक्तात उसळतात. रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. आकसलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलून हृदय थकतं आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरतं. जीव जातो तो यामुळे.

बिरवाडी ते 'लॅन्सेट'

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत होते आणि खात्रीचा उपचार कुणाकडेच नव्हता. त्यांनी रुग्णाशेजारी बसून लक्षणं टिपायला सुरुवात केली. या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख 1982 मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांना त्यांनी आधी रक्तवाहिन्या सैल करणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड सलाईनमधून दिलं. त्याने रुग्ण वाचू लागले. पण हे औषध देताना सतत रक्तदाब पाहावा लागतो. खेड्यातल्या दवाखान्यात ते जमणं कठीण.

इथे औषधशास्त्रातलं जुनं संशोधन कामी आलं. 1948 मध्ये अमेरिकेतल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडलं होतं की अॅड्रेनॅलिनसारखी रसायनं शरीरात दोन प्रकारच्या 'कुलपांवर' काम करतात, अल्फा आणि बीटा. रक्तवाहिन्या आकसतात त्या मुख्यतः अल्फामुळे. हेच अल्फा कुलूप अडवणारी प्राझोसिन नावाची गोळी उच्च रक्तदाबासाठी बाजारात होतीच. डॉ. बावस्करांनी ती विंचूदंशावर वापरली. 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह हे निष्कर्ष मांडले. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण पूर्वी 30 टक्क्यांच्या घरात होतं. प्राझोसिन आल्यावर ते 1 टक्क्याच्या आसपास आलं. डॉ. बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

गोळी की लस?

गोळी वाहिन्या सैल करते. रक्तातलं विष निकामी करते ती विंचवाची प्रतिविष लस. महाडमध्येच 70 रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली आणि 2011 मध्ये ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. लस आणि गोळी दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण 10 तासांत पूर्ण बरे झाले. फक्त गोळी मिळालेल्या 35 पैकी 8 जण तेवढ्या वेळात बरे झाले. म्हणजे दोन्ही मिळालं तर उत्तमच. पण लस नाही म्हणून हातावर हात धरून बसायचं कारण नाही. सापाची लस मात्र विंचवाला चालत नाही.

इथेच चूक होते

बहुतेक दंशांत नुसत्याच वेदना होतात आणि काही तासांनी त्या आपोआप ओसरतात. मांत्रिकाला यश मिळतं ते म्हणून. बधिरतेचं इंजेक्शन घेतलं तरी दुखणं थांबतं, विष तसंच राहतं. धोका ओळखायचा तो घामावरून, उलट्यांवरून आणि गार पडलेल्या हातापायांवरून. वेदना कमी, पण अंग घामाने थबथबलेलं आणि हातपाय थंडगार, असा रुग्ण जास्त धोक्यात असतो.

दंश झाल्यास

- 108 ला फोन करा. हा नंबर महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये दोन्हीकडे चालतो.
- जवळच्या सरकारी दवाखान्यात जा; मोठं शहर गाठण्यात वेळ घालवू नका.
- चिरा देणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं टाळा.
- दंशाची वेळ लक्षात ठेवा. उलटी, घाम कधी सुरू झाला ते डॉक्टरांना सांगा. गुजरातीत 'वींछी करड्यो छे' एवढं म्हटलं तरी पुरे.
- प्राझोसिन स्वतःहून घेऊ नका. मात्रा वजनावर ठरते आणि गोळीनंतर एकदम उभं राहिल्यास रक्तदाब पडून चक्कर येऊ शकते.
- बरं वाटलं तरी, विशेषतः मूल असेल तर, 24 तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा.

गावी पोचल्यावर चप्पल-बूट झटकून घालणं, अंथरूण पाहून टाकणं आणि रात्री बॅटरी हाताशी ठेवणं, एवढी सवय घरातल्या पोरांनाही लावा.