कानामागची वीज आणि शरीराचा तोल

उद्वाहनात डोळे मिटून उभे राहिले, तरी ते वर निघाले की खाली हे माणसाला कळते. हे ज्ञान मुख्यतः कानाचे. आंतरकर्णात ऐकण्याच्या शंखाकृती भागालगत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन सूक्ष्म पिशव्या असतात. डोके वळले की नलिकांतील द्रव मागे रेंगाळतो आणि तेथील रोमपेशी वाकतात. पिशव्यांमधील कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक सरळ रेषेतील गती आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा यांची जाणीव करून देतात. हा सारा वृत्तान्त विद्युतस्पंदांच्या रूपाने मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जातो. हे स्पंद बाहेरून दिलेल्या विजेने बदलले, तर न घडलेल्या हालचालीचाही भास होतो. या पद्धतीला ‘गॅल्व्हानिक व्हेस्टिब्युलर स्टिम्युलेशन’ असे नाव आहे.

या प्रयोगाचे बीज विद्युतघटाइतकेच जुने आहे. घटाचा जनक अलेस्सांद्रो व्होल्टा याने घटाला जोडलेल्या धातूच्या कांड्या स्वतःच्या दोन्ही कानांत घातल्या होत्या. डोक्याला जोराचा हिसका बसला आणि काहीतरी रटरटत असल्यासारखा आवाज ऐकू आला, असे त्याने १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. मेंदूला बसणारा धक्का घातक ठरेल या भीतीने त्याने तो प्रयोग पुन्हा करणे टाळले. पुढे १८२० च्या सुमारास पुर्किन्ये याने डोक्यातून वीज वाहू दिल्यास भोवळ येते, अशी नोंद केली. १८७१ मध्ये एडुआर्ड हिट्झिग याने अशा वेळी शरीराचा तोल जातो आणि बुबुळे थरथरतात, हे दाखवून दिले.

आज या प्रयोगासाठी कानात काहीही घालावे लागत नाही. दोन्ही कानांमागील हाडाच्या उंचवट्यांवर विद्युतपट्ट्या चिकटवून साधारण एक मिलिअँपिअरचा प्रवाह सोडला जातो. ऋणाग्राच्या बाजूच्या मज्जातंतूंतील स्पंद वाढतात, तर धनाग्राच्या बाजूचे मंदावतात. या तफावतीचा अर्थ मेंदू ‘शरीर ऋणाग्राकडे कलते आहे’ असा लावतो. तो कल सावरण्यासाठी स्नायूंना आज्ञा सुटते आणि स्थिर उभा असलेला माणूस धनाग्राकडे झुकतो. विजेने त्याला ढकललेले नसते; न गेलेला तोल सावरताना तो स्वतःच कललेला असतो.

या गुणधर्माकडे करमणूक उद्योगाचेही लक्ष गेले. जपानच्या एनटीटी कंपनीच्या संशोधकांनी २००५ मध्ये लॉस एंजेलिस येथील सिग्राफ परिषदेत अशा उपकरणाचे प्रात्यक्षिक दाखवले. २०१६ मध्ये सॅमसंगने याच तत्त्वावरील प्रायोगिक हेडफोन सादर केला. आभासी दृश्यात डोळ्यांना गती दिसते, पण कानाला ती जाणवत नाही, आणि या विसंगतीमुळे अनेकांना मळमळते. ती विसंगती कमी करणे हा त्यामागील हेतू होता.

तथापि या विषयाचे खरे मोल रुग्णांच्या संदर्भात कळते. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारख्या जीवरक्षक औषधांमुळे काही रुग्णांच्या रोमपेशी कायमच्या नष्ट होतात. स्ट्रेप्टोमायसिनमुळे तोल गमावलेल्या एका डॉक्टरांनी १९५२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आपला अनुभव मांडला होता. नाडीच्या ठोक्यांनी डोके हलले, तरी पुस्तकातील अक्षरे उड्या मारत. म्हणून ते पलंगाच्या लोखंडी गजांमध्ये डोके टेकवून वाचत. निरोगी माणसाला ही हालचाल जाणवतसुद्धा नाही, कारण आंतरकर्णाच्या सूचनेनुसार डोळे तत्क्षणी विरुद्ध दिशेने फिरून नजर स्थिर ठेवतात.

अशा रुग्णांसाठी दोन मार्गांनी प्रयत्न चालू आहेत. पहिल्यात जाणवणारही नाही इतका क्षीण आणि अनियमित प्रवाह कानामागे दिला जातो. त्यामुळे उरल्यासुरल्या दुर्बळ संकेतांना उठाव मिळतो आणि उभे राहताना होणारे डोलणे कमी होते, असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र त्वचेवरून दिलेला प्रवाह एका बाजूच्या सर्व मज्जातंतूंवर एकदमच परिणाम करतो. नेमकी एखादी नलिका त्याला निवडता येत नाही. दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात डोक्याचे फिरणे मोजणारे संवेदक तिन्ही नलिकांशेजारी बसवलेल्या विद्युताग्रांना जोडले जातात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०२१ मध्ये अशा ८ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचे उभे राहणे, चालणे आणि एकंदर जीवनमान सुधारले होते. परंतु शस्त्रक्रिया झालेल्या कानाची श्रवणशक्ती बहुतेकांच्या बाबतीत घटली होती.

घरगुती विद्युतघट वापरून हा प्रयोग करणे धोक्याचे आहे. त्वचा भाजणे, उलटी होणे, तोल जाऊन पडणे असे प्रकार त्यातून घडू शकतात. व्होल्टाने दोन शतकांपूर्वी दाखवलेली सावधगिरी आजही तितकीच आवश्यक आहे. ज्या विजेच्या धक्क्याला तो घाबरला, तीच वीज अगदी मोजूनमापून दिल्यास तोल हरवलेल्या माणसाला पुन्हा आपल्या पायांवर स्थिर उभे करू शकेल, ही आशा मात्र आता निराधार राहिलेली नाही.