चिन्नोरचा सुवास आणि सावकाश जगणे

वाचनालयाच्या शताब्दी ग्रंथात भाताचे काय प्रयोजन, असा प्रश्न एखाद्या सभासदाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु लालबर्रा-वारासिवनीचा हा मुलूख धानावरच जगत आला आहे, आणि ‘गेले ते दिवस’ हा सूर आपल्याकडे बहुधा भाताच्या वासानेच सुरू होतो.

सावकाश, साध्या, अस्सल जगण्याची ओढ आज जगभर दिसते. १९८६ साली रोममध्ये एका अमेरिकन उपाहारगृहाविरुद्ध निदर्शने झाली आणि कार्लो पेत्रिनी यांच्या पुढाकाराने संथ आहाराची चळवळ उभी राहिली. आपल्याकडे हीच ओढ चिन्नोरच्या नावाने व्यक्त होते. सुमारे पाच महिने शेतात उभे राहणारे, उंच वाढून वाऱ्यात लोळणारे, उत्पन्न बेताचे देणारे आणि शिजताना घरभर दरवळणारे हे धान. सावकाशीला याहून चांगले प्रतीक मिळणे कठीण.

मात्र त्या सावकाशीचा हिशेब कुणी मांडत नाही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जाती-जमातींवरील ग्रंथात पोवारांच्या भातशेतीतील आणि तलाव-पाट बांधण्यातील कौशल्याची आवर्जून दखल घेतली आहे. त्या बांधीत रोवणा करणाऱ्या मजूर स्त्रीच्या ताटात चिन्नोर क्वचितच पडे. तिच्या वाट्याला जाडेभरडे तांदूळ किंवा कोदो-कुटकी. सुवासिक भात मालगुजाराच्या पंक्तीचा, सणाचा, पाहुण्याचा. उखळ-मुसळाचा जो ठोका आज आपल्याला संगीतासारखा आठवतो, तो भल्या पहाटे उठलेल्या बाईच्या खांद्यांतून निघत असे. भात गिरणीत कांडला जाऊ लागला तेव्हा तिने निश्वास टाकला असेल तर तो सुटकेचाच होता. शिवाय १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला, हेही त्याच संथ काळातले. मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली, यात हळहळण्यासारखे काही नाही.

त्यामुळे १९७६ साली फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने दिलेल्या, अवघ्या ११० दिवसांत हाती येणाऱ्या आय. आर. ३६ सारख्या वाणांचे शेतकऱ्याने स्वागत केले, त्यात त्याची चूक नव्हती. पोट भरणे हे सुवासाच्या आधी येते. तरीही त्याच दशकात रायपूरला डॉ. रा. ह. रिछारिया गावोगावच्या धानाचे नमुने जमवीत होते. ते सुमारे १९,००० भरले. त्यांची दृष्टी स्मरणरंजनाची नव्हती. देशी वाणांतूनच अधिक उत्पन्न देणारी वाणे निवडता येतील, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे म्हणणे वेळीच ऐकले गेले नाही, असे माझे मत आहे.

याला भाषेचीही एक बाजू आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. शाळा हिंदी झाल्या. पण बांधी, बोडी, पऱ्हे, रोवणा हे शब्द वैनगंगेच्या दोन्ही अंगांना तसेच राहिले. शेतातले शब्द शेतातल्या कामावर जगतात. काम यंत्राकडे गेले की शब्दही ओठांवरून उतरतो, आणि मग तो शोधायला वाचनालयात यावे लागते.

२०२१ साली बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक निर्देशांक मिळाला. शहरातला ग्राहक आता हा तांदूळ नावाने मागतो. ते बियाणे उरले कसे, हे मात्र त्याला पिशवीवर वाचायला मिळणार नाही. सगळ्या शेतात नवे वाण पेरूनही, पाहुण्यासाठी आणि देवासाठी म्हणून, काही घरांनी तलावाखालची एखादी बांधी चिन्नोरसाठी राखून ठेवली होती.