घरभाडे, घरातील कार्यालय आणि प्राप्तिकर

रत्नागिरीत घराच्या एक-दोन खोल्या भाड्याने देऊन त्याचा कारभार घरातूनच पाहणारे अनेक मालक आहेत. करारनामे, पावत्या व दुरुस्तीचे हिशेब यांसाठी वापरली जाणारी खोली, तिची वीज आणि दूरध्वनी यांचा खर्च भाड्यातून वजा करता येतो, असा समज आढळतो. अमेरिकेत भाड्याचा व्यवहार व्यवसायाच्या स्वरूपाचा असल्यास काही अटींवर अशी सवलत मिळते. भारतात तशी तरतूद नाही.

आपल्याकडे हे भाडे 'घरापासूनचे उत्पन्न' ठरते. त्यातून मुख्यतः तीन रकमा वजा होतात : मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी, उरलेल्या रकमेच्या ३० टक्के प्रमाणित वजावट आणि गृहकर्जावरील व्याज. १९६१ च्या कायद्यातील ही रचना १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही कायम आहे.

समजा, दरमहा भाडे १०,००० रुपये आहे व नगरपरिषदेकडे वर्षाची ६,००० रुपये घरपट्टी भरली आहे. १,२०,००० मधून ती वजा जाता १,१४,००० उरतात. त्याच्या ३० टक्के, म्हणजे ३४,२०० रुपये वजा होऊन करपात्र उत्पन्न ७९,८०० रुपये ठरते. देखभाल व कारभाराचा खर्च या ३४,२०० रुपयांतच धरलेला असतो. तो कमी झाला तरी वजावट घटत नाही आणि जास्त झाला तरी वाढत नाही.

निवासी घर नुसते भाड्याने देऊन ते उत्पन्न व्यवसायाचे म्हणून दाखवण्याची वाट २०२४ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने बंद केली आहे. मात्र गणपतीपुळे परिसरात पर्यटकांना निवासाबरोबर न्याहारी, जेवण व स्वच्छतेची सेवा दिली जाते. असे उत्पन्न सर्वसाधारणपणे व्यवसायाचे मानले जाते. तेथे कार्यालयासाठी वापरलेल्या भागाची वीज, दुरुस्ती, विमा व घरपट्टी प्रमाणशीर दाखवता येते. स्वतःच्याच खोलीचे काल्पनिक भाडे मात्र खर्च धरता येत नाही. अनुमानित उत्पन्नाची योजना स्वीकारल्यास वेगळा खर्च दाखवण्याचा प्रश्नच उरत नाही.

चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरील कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. म्हणून विवरणपत्र भरण्यापूर्वी उत्पन्न घरभाड्याचे की व्यवसायाचे, हे निश्चित करणे आणि घरपट्टीची पावती व बँकेचा व्याजाचा दाखला जपून ठेवणे हिताचे ठरते.