काचबिंदूची शस्त्रक्रिया व स्वच्छमंडलातील कोशिका

काचबिंदूमध्ये नेत्रगोलातील दाब उतरविण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर स्वच्छमंडलाच्या, म्हणजे बाहुलीपुढील पारदर्शक पडद्याच्या, आतील अस्तरातल्या कोशिकांची होणारी घट. हे अस्तर एकाच थराचे असून त्यातील षट्कोनी कोशिका पडद्यात मुरलेले पाणी अहोरात्र बाहेर टाकून तो निर्मळ राखतात. प्रौढपणी दर चौरस मिलिमीटरला सुमारे २,५०० असणाऱ्या या कोशिका मेल्या तर नव्या उपजत नाहीत, शेजारणी पसरून रिती जागा कशीबशी झाकतात, आणि शिल्लक पाचशेच्या आसपास आली की पडदा सुजून धूसर होऊ लागतो. वयपरत्वे वर्षाला सुमारे अर्धा टक्का खर्ची पडतोच. शस्त्रक्रिया तो खर्च वाढविते, आणि या खात्याला जमेची बाजू नाही.

केर्न्स यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत श्वेतपटलात झडप कोरून नेत्रजलाला नवी वाट देतात. ते बेसुमार झिरपले तर पुढील कप्पा उथळ होऊन परितारिका, क्वचित भिंगही, पडद्याला टेकते व तेथील कोशिका नष्ट होतात. वाट बुजू नये म्हणून लावलेले मायटोमायसिन हे औषध आणि मागाहूनचा दाह यांचाही वाटा असतो. झडपेऐवजी नेत्रजल वाहून नेणारी नळी बसविल्यास तिचे टोक पडद्याच्या जितके निकट, तितका ऱ्हास अधिक, आणि तो वर्षानुवर्षे चालतो. सायपास ही सूक्ष्म नळी २०१८ मध्ये निर्मात्यांनीच बाजारातून परत घेतली, कारण पाच वर्षांनंतरच्या गणनेत हानी उघड झाली. या कोशिका दाखविणारे मॉरिस यांचे सूक्ष्मदर्शक १९६८ मधलेच, हा योगायोग चमत्कारिक खरा.

मिरजेस वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय स्थापिल्यापासून नेत्रशस्त्रक्रिया त्या मुलखाला नवखी नाही; तथापि मोतीबिंदू, म्हणजे धूसर झालेले भिंग, पुरता पिकू द्यावा, मग काढावा, ही जुनी समजूत खेड्यापाड्यांत अजून ऐकू येते. अशा वेळी फुगलेले भिंग नेत्रजलाची वाट अडविते, दाब एकाएकी चढतो, त्या दाबानेच कोशिका मरतात, आणि ठपका मात्र मागाहून झालेल्या शस्त्रक्रियेवर येतो. कोशिकांची गणना शस्त्रक्रियेआधी झालेली असेल तरच हा तंटा मिटतो.

कोशिका जातील या भयाने शस्त्रक्रिया नाकारणे हा चुकीचा हिशेब होय. धुरकटलेला पडदा नेत्रदानातून मिळालेल्या पडद्याने बदलता येतो, जरी नळी बसविलेल्या डोळ्यात तो कमी टिकतो; दाबाने मेलेली दृक्‌तंत्रिका बदलता येत नाही.